दोन भाषा येतात, पण दुभाष्या कुठे आहे?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. नया बाजारातल्या एका सभासदांच्या घरी आम्ही चार-पाचजण गणेशोत्सवाच्या हिशेबाला बसलो होतो. तेवढ्यात एका संशोधक मुलाचा फोन आला. लष्करातल्या मराठी घराण्यांवर तो हिंदीत प्रबंध लिहीत होता. मोठ्या अदबीने म्हणाला, "आपके यहाँ के बुज़ुर्गों का साक्षात्कार लेना है." फोन स्पीकरवर होता. कोपऱ्यात बसलेले ८५ वर्षांचे काका लगेच म्हणाले, "अरे, इतकी वर्षे पूजा करतोय, मला अजून झाला नाही साक्षात्कार. हा मुलगा येऊन घडवणार असेल तर आजच बोलवा!"

सगळे खूप हसलो. हिंदीतला साक्षात्कार म्हणजे आपली मुलाखत, हे ग्वाल्हेरात जन्म गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. काकांनाही ते पक्के ठाऊक होते. पण त्या मुलाने पुढे जे विचारले, त्यावर आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. त्याला मराठी समजत नव्हती. एका घरातली जुनी पत्रे आणि काही आजी-आजोबांच्या आठवणी त्याला समजून घ्यायच्या होत्या. त्याने विचारले, "मराठी आणि हिंदी दोन्ही जाणणारे आणि इतिहास-समाजशास्त्राची समज असलेले कोणी आहे का?"

आपल्या मंडळाच्या वहीत गुरुजींची नावे आहेत, पुरणपोळी करून देणाऱ्यांची आहेत, ढोल-ताशा पथकाची आहेत. दुभाष्याचे एकही नाव नाही. ज्या शहरात प्रत्येक मराठी घर दोन भाषांत जगते, तिथे ही स्थिती असावी, याचे आम्हाला आश्चर्य वाटले आणि थोडी लाजही वाटली. हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

हा प्रश्न आत्ताच का?

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या बातम्या एकापुढे एक ठेवून पाहा. २०२३ च्या शरदात युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून आपल्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. शिवाय २०२७ ची जनगणना होऊ घातली आहे आणि तीत जातींची नोंद होणार, असे सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे.

या चारही गोष्टींचा परिणाम एकच होणार: अभ्यासक आपल्या दारी येणार. कोणी घराण्याची गायकी समजून घ्यायला येईल, कोणी मराठा राज्याचे उत्तरेतले प्रशासन पाहायला, तर कोणी महाराष्ट्राबाहेर दोनशे वर्षे राहिलेल्या मराठी माणसाची जात, नाती आणि भाषा यांचा अभ्यास करायला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ ठोकला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. आपण त्या घटनेची जिवंत कागदपत्रे आहोत, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

त्यातच २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून मोठा वाद झाला. एप्रिल आणि जूनमध्ये निघालेले शासन-निर्णय जूनअखेर मागे घेतले गेले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे सांगणे आमचे काम नाही. पण ती सारी चर्चा ऐकताना ग्वाल्हेरकर म्हणून एक गोष्ट जाणवत राहिली. दोन्हीकडचे लोक मराठी आणि हिंदी या जणू समोरासमोर उभ्या ठाकलेल्या भाषा आहेत असे बोलत होते. या दोन भाषांच्या मध्ये उभे राहून इकडचे तिकडे नीट पोचवणारा माणूस लागतो आणि तो तयार करावा लागतो, हे फार कोणी बोलले नाही. ते काम ज्यांना सहज जमावे असे लोक इंदूर, उज्जैन, देवास, झाशी, सागर, जबलपूर आणि आपल्या लष्करात राहतात.

सारखे दिसणारे शब्द जास्त फसवतात

"दोन्ही भाषा येतात ना, मग झाले की!" असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच समजत होतो. पण घरात दोन भाषा बोलणे वेगळे आणि दुभाष्याचे काम वेगळे. मराठी आणि हिंदीची लिपी एक, निम्मे शब्द सारखे. त्यामुळे धोका कमी होत नाही, उलट वाढतो. जर्मन किंवा जपानी शब्द अडला तर माणूस कोश उघडतो. ओळखीचा शब्द दिसला की कोणी थांबत नाही.

शिक्षा, चेष्टा, संसार ही शाळेतली उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. सामाजिक शास्त्रांत जे शब्द फसवतात ते याहून अवघड असतात. काही पाहू.

"जातीय दंगल" हे मराठी वर्तमानपत्रातले शब्द. मराठीत याचा रूढ अर्थ दोन धर्मांच्या लोकांतली दंगल. हिंदीत "जातीय हिंसा" म्हटले की दोन जातींमधला संघर्ष समजला जातो. धर्मांतल्या दंगलीला हिंदी "सांप्रदायिक" म्हणते आणि आपल्याला संप्रदाय म्हटले की वारकरी आठवतात. जुन्या मराठी बातम्यांचे कात्रण शब्दाला शब्द ठेवून हिंदीत नेले, तर अभ्यासकाच्या प्रबंधात एका दंगलीचे कारणच बदलून जाईल.

"इनाम" घ्या. "आमच्या पणजोबांना इनाम मिळाले होते," असे आजोबा सांगतात. हिंदीत इनाम म्हणजे बक्षीस. ऐकणाऱ्याला वाटेल, कुस्ती जिंकले असतील. मराठी कागदांत इनाम म्हणजे साऱ्यातून सूट मिळालेली, वंशपरंपरेने चालणारी जमीन. "वतन" तर त्याहून अवघड. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णी, देशमुखी असा पिढीजात हक्क आणि त्याबरोबरचे काम. "आमचे वतन गेले" हे वाक्य "हमारा वतन छूट गया" असे झाले, तर उत्पन्नाचा हक्क गेल्याची तक्रार देशांतराचे दुःख होऊन बसेल.

"बाई" हा शब्द तर आपल्या शहरात रोज अडखळवतो. मराठीत तो आदराचा. अहिल्याबाई, बायजाबाई, लक्ष्मीबाई आणि शाळेतल्या बाईसुद्धा. उत्तरेत संगीताच्या संदर्भात तोच शब्द गाणाऱ्या व्यावसायिक स्त्रियांसाठी वापरला जातो आणि घरात कामवालीसाठी. ग्वाल्हेरच्या संगीतावर लिहिणाऱ्या अभ्यासकाने दोन वेगळ्या कागदांतल्या दोन "बाई" एकच समजल्या, तर एका स्त्रीची सामाजिक पायरीच बदलते.

आता आपल्याच रस्त्यांकडे पाहा. चिटणीसांच्या नावाची गोठ आपल्याला ठाऊक आहे. कोणी विचारले की आपण सहज सांगतो, "गोठ म्हणजे मोहल्ला." एका पाहुण्याने गोठ म्हणजे गोठा असे धरून, इथे पूर्वी सरदारांची गुरे असत, असे टिपून घेतलेले आम्ही पाहिले आहे. मराठीत "गोट" म्हणजे सरदाराचा तळ. आजही आपण "विरोधकांच्या गोटात खळबळ" असे म्हणतो. त्याच गोटाची हिंदीच्या तोंडी गोठ झाली असावी, असे आम्हाला वाटते. हा एक शब्द नीट कळला, तर लष्कराची सगळी रचना समजते: आधी छावणी होती, मग तिचे मोहल्ले झाले.

हे सगळे शब्द भाषा येते म्हणून उलगडत नाहीत. विषय माहीत असावा लागतो. दुभाष्याला दोन भाषांखेरीज ही तिसरी भाषा यावी लागते.

पूर्वी हे काम कोणी केले?

आपल्याकडे हे काम झालेच नाही असे मुळीच नाही. संगीताचेच पाहा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपला "हिंदुस्थानी संगीत पद्धती" हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. पण उत्तर भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी भातखंडे वाचले ते हाथरसहून निघालेल्या हिंदी आवृत्तीत. ज्यांनी तो अनुवाद केला त्यांना हिंदी येत होती, मराठी येत होती आणि राग-ताल कळत होते. तिन्हींपैकी एक जरी नसते, तर आजचा हिंदीतला संगीत-अभ्यास वेगळाच झाला असता.

दुसरे उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या "माझा प्रवास"चे. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असे ऐकून कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडला. ग्वाल्हेर आणि झाशी त्याने डोळ्यांनी पाहिली. हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापले, पण स्वतःच्या संस्कारांसह. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. हिंदीत ते नेले लखनऊच्या अमृतलाल नागरांनी, "आँखों देखा गदर" या नावाने. कोणता अनुवाद कोणत्या संहितेवरून झाला, हे पाहिल्याशिवाय आधार घेऊ नये, हे या पुस्तकाने शिकवले. हीही दुभाष्यानेच सांगायची गोष्ट.

माधवराव सप्रे मराठी घरातले, दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मलेले. लोकमान्यांचे "गीतारहस्य" हिंदीत आणले ते त्यांनी. ग्वाल्हेरात १९१७ मध्ये जन्मलेले प्रभाकर माचवे दोन्ही भाषांत लिहीत राहिले आणि पुढे साहित्य अकादमीचे सचिव झाले. त्याच साली तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला गजानन माधव मुक्तिबोधांचा जन्म झाला. ते हिंदीचे मोठे कवी, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरात दोन भाषांची दोन दालने. गजानन मुक्तिबोधांनी "भारत: इतिहास और संस्कृति" हे शालेय पुस्तक हिंदीत लिहिले आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. इतिहास एका भाषेतून दुसरीत नेणे हे निरुपद्रवी काम नाही, हेही आपल्याच माणसाच्या वाट्याला आलेल्या अनुभवाने दाखवले आहे.

आणखी एक जोडी आठवते. जदुनाथ सरकार बंगाली, फारसीचे जाणकार, मराठीही शिकलेले. गोविंद सखाराम सरदेसाई मराठी कागदांत मुरलेले. अनेक दशके दोघांचा पत्रव्यवहार चालला. महादजी शिंद्यांचे दिल्लीतले राजकारण निम्मे फारसी अखबारांत आहे आणि निम्मे मराठी पत्रांत. एकट्याने ते उलगडणे कठीण होते. दोघांनी एकमेकांसाठी दुभाष्याचे काम केले असेच म्हणावे लागेल.

इस्तंबूलचा धडा

आपण थोडे लांब जाऊन येऊ, कारण हा प्रश्न जगात दुसरीकडे फार चांगल्या रीतीने हाताळला गेला आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतल्या अनेक प्राध्यापकांना नोकरी सोडावी लागली. त्याच वर्षी तुर्कस्तानात इस्तंबूल विद्यापीठाची नव्याने उभारणी चालू होती. अर्थशास्त्राचे फ्रिट्झ नॉयमार्क, विल्हेल्म रोप्के, समाजशास्त्राकडे वळलेले अलेक्झांडर र्‍यूस्टो, सामाजिक धोरणाचे गेरहार्ड केसलर अशी मंडळी तिथे गेली. त्यांना तुर्की येत नव्हती आणि बहुतेक विद्यार्थ्यांना जर्मन. वर्गात प्राध्यापक एक वाक्य जर्मनमध्ये बोलत आणि शेजारी उभा असलेला तरुण तुर्की साहाय्यक ते तुर्कीत सांगे. काही वर्षांत तुम्ही तुर्की शिकून त्याच भाषेत शिकवायचे, अशी अट प्राध्यापकांच्या करारात होती. नॉयमार्क यांच्यासारख्यांनी ती पाळली.

यात आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते साहाय्यक. ते त्याच विषयाचे तरुण अभ्यासक होते. रोज वर्गात उभे राहून त्यांना अर्थशास्त्रातल्या प्रत्येक संज्ञेला तुर्की शब्द शोधावा लागे. अशा साहाय्यकांतून पुढे त्या विषयांचे तुर्की प्राध्यापक घडले. दुभाष्याचे काम हेच त्यांचे शिक्षण ठरले.

पुढे १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांबाबत करार झाला आणि लाखो तुर्की माणसे जर्मनीत गेली. दवाखान्यात, कचेरीत, शाळेत आईबापांसाठी दुभाष्याचे काम मुलांनी केले. दहा वर्षांच्या मुलीने आईचा आजार डॉक्टरला सांगायचा, हे त्या पिढीने भोगले. घरची भाषा येते म्हणून मुलांवर ओझे टाकणे आणि प्रशिक्षित दुभाष्या देणे यांतला फरक तिथल्या समाजाला अनुभवातून कळला. आज जर्मन-तुर्की दुभाष्या शोधताना लोक विचारतात, न्यायालयाचा की वैद्यकाचा की समाजशास्त्राचा? आपण अजून "मराठी येते का?" या प्रश्नावरच आहोत.

महाराष्ट्राच्या अभ्यासातही विषय जाणणाऱ्या अनुवादकाचे एक सुंदर उदाहरण आहे. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर यांनी धनगरांत फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. तो इंग्रजीत नेला ॲन फेल्डहाउस यांनी, १९८९ मध्ये. त्या स्वतः महाराष्ट्रातल्या धर्मपरंपरांच्या अभ्यासक. ओवी, वाडा, मेंढपाळांचे फिरणे या गोष्टी त्यांना कोशातून शोधाव्या लागल्या नाहीत.

आमची एक चूक

आता आमच्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी केरळातून एक संशोधक मुलगी आली होती. जुन्या वाड्यांतल्या बायकांच्या कामावर ती अभ्यास करत होती. तिला हिंदी जेमतेम येत होती, मराठी अजिबात नाही. एका आजींकडे आम्ही तिला नेले आणि आमच्यापैकीच एकाने मराठीचे इंग्रजी करून सांगायचे ठरले.

आजी मोकळेपणाने बोलल्या. म्हणाल्या, "लहानपणी आईबाप गेले. दूरच्या नात्यातल्या घरी आश्रित म्हणून आले. पहाटे चारला उठून सगळ्यांचे पाणी भरायचे, सोवळ्यात स्वयंपाक करायचा, शेवटी उरेल ते खायचे." आमच्या दुभाष्याने सांगितले, "नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, त्या घरकामात मदत करत असत." सोवळ्याचे भाषांतर त्याने स्वच्छता असे केले. ती मुलगी लिहून घेऊ लागली. आजींना इंग्रजी फारशी येत नव्हती, पण वाक्याची लांबी कळत होती. त्या म्हणाल्या, "मी एवढे बोलले, तू एवढेसेच सांगितलेस? राबत होते हे सांगितलेस का तिला?"

आम्ही गप्प झालो. दुभाष्या मुलगा वाईट नव्हता. ज्या घराची गोष्ट होती ते घर ओळखीचे होते, आणि परक्या मुलीसमोर आपल्या माणसांची लाज राखावी असे त्याला वाटले. आम्ही कोणीही त्याच्या जागी असतो तर कदाचित तेच केले असते. पण त्याने आजींच्या आयुष्यातली सत्तर वर्षे दाबलेली गोष्ट पुन्हा एकदा दाबली.

आपल्यातलाच दुभाष्या असला की तो संदर्भ जाणतो, हा फायदा. आपल्यातलाच असला की तो झाकतो, हा धोका. जात, विधवा, हुंडा, वाटणी, चाकरी या विषयांवर तर हमखास. म्हणून विषयाच्या ज्ञानाबरोबर शिस्तही शिकावी लागते. बोलणारा "मी" म्हणाला तर दुभाष्यानेही "मी" म्हणायचे. काही गाळायचे नाही, काही गोड करायचे नाही. एखाद्या शब्दाला दुसऱ्या भाषेत जोड नसेल, तर मूळ शब्द तसाच ठेवून दोन वाक्यांत समजावायचा. सोवळ्याला "सोवळे"च म्हणायचे आणि त्यात शिवाशिव येते हेही सांगायचे. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही.

यंत्र आहे की!

तरुण सभासद म्हणतील, मोबाइल सगळे करतो. खरे आहे, पुष्कळ करतो. केंद्र सरकारची भाषिणी ही योजना २०२२ पासून भारतीय भाषांच्या भाषांतराची साधने उभी करते आहे. २०२५ मध्ये रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडीचे देवनागरी करणारी संगणक-प्रणाली जाहीर केली. आम्ही याचे स्वागतच करतो. रोजच्या पत्राचा कच्चा अनुवाद यंत्राने करावा आणि माणसाने तपासावा, यात गैर काही नाही.

पण लिप्यंतर म्हणजे अर्थ नव्हे. मोडीत शिरोरेषा आधी ओढून अक्षरे एका दमात लिहितात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. कुठे शब्द संपला हे वाचणाऱ्याने विषयावरून ठरवायचे. देवनागरी झाल्यावरही समोर येते "इसन्ने तिसैन मया व अलफ". ही अरबी शब्दांत लिहिलेली तारीख आहे: दोन, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११९२. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. आले इसवी सन १७९१-९२, महादजी पुण्याला यायच्या आधीचे वर्ष. यंत्राने ११९२ ला इसवी सन समजून पुढे जाऊ नये म्हणून शेजारी माणूस हवा.

आजींच्या बोलण्यातला थांबा, तिरकस "हो, सांभाळले ना त्यांनी!" हे तर यंत्राला अजून तितकेसे कळत नाही. आमच्या माणसालाही ते कळले नाही, हे खरे. पण माणसाला आजी टोकू शकल्या.

मग करायचे काय?

मोठ्या योजना आखण्यापेक्षा मंडळाच्या आवाक्यातल्या काही गोष्टी सुचवतो.

पहिली, यादी. आपल्या सभासदांत निवृत्त प्राध्यापक, शिक्षक, वकील, महसूल खात्यात आयुष्य काढलेली माणसे, संगीताचे जाणकार आहेत. कोणाला कोणता विषय आणि कोणत्या दोन भाषा येतात, बोलण्यातले जमते की लेखी, मोडी येते का, एवढे चार रकाने पुरेत. "मराठी येते" एवढ्यावर नाव घालू नये.

दुसरी, शब्दवही. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि केंद्राच्या शब्दावली आयोगाचे हिंदी कोश दोन्ही उपलब्ध आहेत. पण गोठ, पागा, फड, इनाम, सोवळे, आश्रित असे ग्वाल्हेरच्या घरांत जगणारे शब्द त्यांत आपल्या अर्थाने सापडतीलच असे नाही. ते आपणच लिहायला हवेत. दर महिन्याच्या बैठकीत दहा शब्द घेतले, तरी दोन वर्षांत अडीचशेच्या आसपास होतील.

तिसरी, जोडीने काम. आंतरराष्ट्रीय परिषदांत समांतर भाषांतर करणारे दुभाषे दोघे मिळून बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने बोलतात, कारण त्याहून जास्त वेळ मेंदू साथ देत नाही. आपणही प्रत्येक मुलाखतीला एक जाणता आणि एक तरुण पाठवावा. तरुणाला हिंदी-इंग्रजी चांगली येते, पण मराठी वाचता येत नाही. ज्येष्ठाचे उलट. इस्तंबूलच्या साहाय्यकांप्रमाणे तो तरुण काम करता करताच विषय शिकेल.

चौथी, मानधन. दुभाष्याचे काम "जरा येऊन सांगशील का" या विनंतीवर चालते, म्हणून ते कोणी गंभीरपणे शिकत नाही. तबलजीला आपण बिदागी देतो, दुभाष्यालाही द्यावी. शक्य असलेल्या अभ्यासकांकडून ती घ्यावी आणि विद्यार्थ्यांसाठी मंडळाने थोडा भार उचलावा. संसदेत आज मराठीसकट अनेक भाषांत दुभाषे काम करतात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात आणखी सहा भाषा जोडल्याचे लोकसभा अध्यक्षांनी जाहीर केले. हा पोटापाण्याचा धंदा आहे, हे आपल्या मुलांना दिसू द्यावे.

पाचवी, घरातली गाठोडी. पोटमाळ्यावरचे मोडी कागद रद्दीत देऊ नका, प्लॅस्टिकमध्ये चिकटवू नका. कोरड्या जागी सुती कापडात ठेवा, फोटो काढून ठेवा आणि मंडळाला नुसते कळवा. कागद तुमचेच राहतील.

आणि जनगणनेचा कर्मचारी दारी येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात जे खरे आहे तेच सांगा. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांचीही नोंद आजवर होत आली आहे. तीही करून घ्या. ग्वाल्हेरातली दोन भाषांत जगणारी घरे किती, हे उद्याच्या अभ्यासकाला त्या रकान्यांतूनच कळणार आहे.

तो फोन करणारा मुलगा नंतर आला. काकांनी त्याला दोन तास "साक्षात्कार" दिला, हिंदीत. पण आईची आठवण निघाली तेव्हा काका न कळत मराठीत शिरले आणि मुलगा आमच्याकडे पाहू लागला. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका पुढे सरकल्या आणि काकांचे प्रत्येक वाक्य, त्यांच्याच "मी"ने, सावकाश हिंदीत सांगत गेल्या. काही ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "इस शब्द के लिए हिंदी में शब्द नहीं है, समझाती हूँ."

यादीतले पहिले नाव त्यांचे घातले आहे. पुढच्या बैठकीला येताना आपले आणि आपल्या ओळखीतले दुसरे नाव घेऊन या.